हातभर वायर

मामाजी, भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुमची सवय काही नवी नव्हती. माझं वाक्य अर्ध्यावर असायचं आणि तुम्ही "थांब, तंबाखू संपली" म्हणत चपला पायात सरकवायचात. पण तेव्हा अर्ध्या तासाने परत तरी यायचात, आणि आल्या आल्या आधीच्याच मुद्द्यावर गाडी सुरू करायचात. या वेळी छातीत दुखण्याचं निमित्त काढून कायमचेच गेलात. मी मात्र माझे सगळे मुद्दे तयार ठेवून बसले आहे. हे काही बरं केलं नाही तुम्ही. तुमची तेरवी होऊन बारा दिवस झाले, पाहुणे गेले, मांडववाला भांडी मोजून घेऊन गेला. मला तुमचा राग येतो, मग रडू येतं, मग परत राग येतो.

लोक विचारतात, सासरे गेले ना तुमचे? मी हो म्हणते. पण सासरा म्हटलं की जे चित्र डोळ्यांसमोर येतं त्यात आपण दोघं कुठे बसत नाही. पांढुर्ण्यात तुम्ही जन्मभर बिजलीचं काम केलेले मिस्त्री, आणि मी छिंदवाड्याच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेली तुमची सून. लग्नाच्या बोलणीत माझ्या वडिलांनी अभिमानाने ते प्रमाणपत्र पुढे केलं, तेव्हा तुम्ही चष्मा कपाळावर चढवून म्हणालात, "पोरगी वायरिंग करते? मंग मी घरी काय करू, सैपाक?" सगळे हसले. मी नाही हसले. पहिली दोन वर्षं तुम्ही मला घरातला बल्बसुद्धा बदलू दिला नाहीत. शेवटी तुमच्या उजव्या गुडघ्याने माझी बाजू घेतली. शिडीची तिसरी पायरी चढवेना, तेव्हा एक दिवस तुम्ही शिडी धरून उभे राहिलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "चढ. पण मी सांगीन तसंच करजो."

तुम्ही सांगितलं तसं केलं नाही, म्हणून आज हे लिहावं लागतंय असं नाही. उलट मी फार दिवस तुम्ही सांगाल तसंच केलं, हीच माझी चूक. त्यावर येतेच आहे.

ते सर्जचं काम आपल्या हाती कसं आलं, आठवतं ना? सौंसरच्या एका वस्तीत उन्हाळ्यातल्या वादळात एकाच झटक्याला पाच घरांचे टीव्ही, फ्रीज, इन्व्हर्टर गेले. दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला फोन. भाऊ, काही उपाय सांगा. मी म्हणाले, मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवतात, विजेचा झटका लाइनवरून घरात शिरायच्या आधीच तो त्याला जमिनीकडे वळवतो. तुम्ही म्हणालात, एवढा छोटा डबा? विजेले? आणि हसलात. पण पुढच्या सोमवारी नागपूरला जाऊन आणायचा असं ठरवलंतही.

नागपूरच्या त्या दुकानदाराने तुम्हाला चहा पाजला आणि तुम्ही चहावर लगेच विरघळलात. "भाऊ, हे लावा. वीज पडो, लाइन वाढो, न्यूट्रल जाओ, सबसे बचाएगा." तुम्ही पिशवी उघडलीसुद्धा. मी म्हटलं, जरा डबा दाखवा. त्याच्यावर दोनशे पंचाहत्तर व्होल्ट लिहिलं होतं. मी म्हणाले, आमच्या गावी पंप बंद झाले की लाइनचं व्होल्टेज चढून राहतं, हा डबा उगाच तापून जळेल, तीनशे वीसवाला द्या. शिवाय न्यूट्रल आणि जमीन यांच्यामध्येही संरक्षण असलेला, डबा चालू की गेला ते हिरव्या-लाल रंगाने दाखवणाऱ्या खिडकीचा आणि आतला तुकडा बदलता येणारा. आणि न्यूट्रलची वायर तुटल्यावर घरात जी चारशे व्होल्टची लाइन शिरते, तिच्यापासून हा वाचवत नाही, त्याला लाइन तोडणारं वेगळं यंत्र लागतं, हे तुम्हीही जरा गिऱ्हाइकांना सांगत जा. दुकानदाराचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्याने मला नाही, तुम्हाला विचारलं, "भाऊ, ह्या मॅडम कोण?"

तुम्ही चहाचा शेवटचा घोट घेतलात आणि म्हणालात, "इंजिनिअर होय माझी."

मी इंजिनिअर नव्हते, नाही. पण त्या दिवशी परतीच्या गाडीत तिगावपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते, कारण तुम्हाला माझे डोळे दिसायला नको होते. तुमचे आभार मानायचे तेव्हाच राहिले. आज मानते.

आणि एका बाबतीत तुम्ही माझे गुरू होतात, हे तेव्हाही मान्य होतं. मी डबा निवडायची, तुम्ही जमीन. कुणाकडेही गेलं की आधी तुम्ही बोर्डाकडे पाहायचातच नाही, घराच्या मागे जायचात. अर्थिंगचा खड्डा कुठे आहे, त्याला पाणी कधी घातलं, तार गंजली का. "झेललं थे टाकशील कुठी?" असं विचारायचात मला. "डबा झेलते, पण टाकाले जमीन पायजे ना." लोक म्हणायचे, भाऊ, डबा तर लावून द्या आज, खड्डा पाहू मग. तुम्ही सरळ पिशवी उचलायचात. खड्डा नाही तर डबा नाही. किती गिऱ्हाइकं त्यापायी तोंड फिरवून गेली, आणि बहुतेक सगळी महिन्या-दोन महिन्यांत खड्डा खणून परत आली. फेज आणि अर्थिंगमध्ये शंभरचा बल्ब लावून तुम्ही जमीन तपासायचात. मी त्यावर नाक मुरडायची, मीटर काढायची आणि म्हणायची की बल्ब तर साधारण जमिनीवरही लागतो. तुम्ही म्हणायचात, मीटर तुझं, बल्ब माझा, दोन्ही पाहू. मी तेव्हा मनातल्या मनात म्हणायची, म्हातारा हट्टी आहे. आता वाटतं, तुमच्यासोबत उभं राहून कुणाच्या तरी घरामागच्या ओल्या मातीत तो बल्ब पेटताना पाहणं, यापेक्षा चांगला वेळ माझ्या वाट्याला फार आला नाही.

आता भांडणाकडे येते.

तुमची गुंडाळी. पांढुर्णा, सौंसर, रामाकोना, कुठल्याही घरचा बोर्ड उघडला आणि आत वायरची पेचकसाच्या, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरच्या, मुठीवर गुंडाळलेली सात वेटोळी दिसली, की लोक सांगायचे, हा भाऊंच्या हातचा बोर्ड. एकसारखी, घट्ट, जणू कारखान्यातून आलेली स्प्रिंग. तुमच्या तरुणपणी कुणाकडे तरी बोर्ड वीतभर सरकवायचा होता आणि वायर तोकडी पडली म्हणून सगळी भिंत फोडावी लागली. त्या घरची म्हातारी तुम्हाला दिवसभर बोलत होती. तेव्हापासून प्रत्येक वायरला पुढच्या माणसासाठी थोडी शिल्लक ठेवायची, हा तुमचा नियम. मला तो नियम आवडायचा. आपण गेल्यावर कुणीतरी येईल, त्याला अडचण नको, असं मनात ठेवून काम करणारा मिस्त्री मी दुसरा पाहिला नाही.

पण सर्जच्या डब्याला ती गुंडाळी चालत नाही, मामाजी. दिव्या-पंख्याच्या वायरीला शंभर वेटोळी असली तरी बिघडत नाही. विजेचा झटका मात्र डोळ्याच्या पापणीपेक्षा कितीतरी लवकर येतो आणि जातो. एवढ्या घाईत असलेल्याला वेटोळी नको असतात, त्याला तिथे अडायला होतं, आणि मग तो सरळ वाटेने घरातल्या यंत्रांत घुसतो. डब्याच्या खोक्यात एक इंग्रजी कागद असतो. त्यावर चित्र काढून लिहिलं आहे की डब्यापर्यंतची आणि डब्यापासून जमिनीच्या पट्टीपर्यंतची वायर सगळी मिळून हातभरापेक्षा लांब नको, आणि सरळ हवी. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, बस.

तो कागद मी पहिल्याच दिवशी वाचला होता.

वाचला, आणि तुम्ही डब्याची हिरवी वायर मुठीवर गुंडाळत होतात ते पाहत राहिले. शिडी धरणाऱ्या तुमच्या हातांनी मला वर चढू दिल्याला महिनाही झाला नव्हता. आता जर म्हटलं, मामाजी हे चुकतं आहे, तर उद्यापासून परत चुलीपुढे, ही भीती होती. आणि खरं सांगू का, ती गुंडाळी इतकी सुंदर दिसत होती की माझाच विश्वास बसेना. एवढ्या नीट कामात चूक कशी असेल? म्हणून गप्प बसले. पहिल्या घरी, दुसऱ्या घरी, मग सवयच लागली गप्प बसायची. कुणी विचारलं तर मी "भाऊंचा हात आहे" म्हणून मोठेपणाही मिरवला.

मग गेल्या वर्षी परतीच्या पावसात रामाकोन्याला वीज पडली. लीलाबाईंच्या शेजारच्या शेतात. लीलाबाई म्हणजे अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, आणि त्यांचे यजमान, ज्यांना सगळं गाव गुरुजी म्हणतं, त्यांची फुप्फुसं थकलेली. दिवसरात्र प्राणवायूच्या मशीनवर. त्यांच्यासाठीच तर आपण तो डबा बसवला होता. झटका आला आणि मशीनचं आतलं सर्किट जळालं. नशिबाने कोपऱ्यात सिलिंडर भरलेला होता, म्हणून गुरुजी वाचले. आपण पोचलो तेव्हा लीलाबाई दारातच उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, "भाऊ, डबा तर लावला होता ना जी तुमी?"

डब्याच्या खिडकीत हिरवं. म्हणजे डबा जिवंत, आणि मशीन मेलेलं. तुम्ही म्हणालात, मशीनच हलकी असेल. आणि मी, इतके महिने गप्प बसलेली मी, नेमकी त्या क्षणी, त्यांच्यासमोर, पलंगावर नळी लावून बसलेल्या गुरुजींसमोर बोलले. "मशीन नाही मामाजी, तुमची गुंडाळी."

तुमचा चेहरा अजून दिसतो मला. तुम्ही बोर्डाचं झाकण लावलंत, चारही स्क्रू शांतपणे आवळलेत. मी पक्कड पुढे केली, म्हटलं कापून टाकते. तुम्ही म्हणालात, "वायर कापाची नाई. मी हाओ तोवर नाई." त्यानंतर पाच-सहा महिने आपण सोबत कामाला गेलो, सोबत जेवणाचा डबा खाल्ला, आणि गुंडाळीचं नाव निघालं की तुमची तंबाखू संपायची. नवीन सर्जचं काम तुम्ही एकही घेतलं नाहीत. मी म्हणायची, गुरुजींचं मशीन दुरुस्त होऊन आलं आहे, उन्हाळ्याच्या विजा सुरू व्हायच्या आधी रामाकोन्याचं तरी सरळ करू. तुम्ही म्हणायचात, पाहू.

मी खोटं बोलले नव्हते, पण जे बोलले ते चार भिंतींत, आपल्या ओसरीवर बोलायला हवं होतं. आणि फार आधी. माफ करा, मामाजी. हे तुम्ही समोर असताना जमलं नाही.

एक गोष्ट मात्र मला छळते. जायच्या चार-पाच दिवस आधी तुम्ही दुपारी खोक्यातला तो कागद हातात घेऊन माझ्याकडे आलात. चष्मा डोळ्यांवर होता, म्हणजे तुम्ही चित्र बरंच न्याहाळलं असणार. म्हणालात, "हे काय लिहिलं आहे, वाचून दाखव ना जरा." मी पिठाच्या हातांनी पोळ्या लाटत होते. म्हटलं, संध्याकाळी वाचते. संध्याकाळी पाहुणे आले, दुसऱ्या दिवशी सौंसरला काम निघालं. कागद तुमच्या खिशातच राहिला. तुम्हाला मान्य करायचं होतं, की त्यातलीच एखादी ओळ पकडून मला खोटं पाडायचं होतं? दोन्ही तुम्हाला शोभलं असतं. मला कधीच कळणार नाही, आणि हे न कळणं घेऊनच आता मला जगायचं आहे.

तुम्ही चैत्रात गेलात, आणि सुतकातच दुपारी ढग जमायला लागले. बाहेर गडगडलं की मी दारात जाऊन रामाकोन्याच्या दिशेला बघायची. तुमच्या हातचे ते सगळे बोर्ड, ती सगळी वेटोळी, आणि रामाकोन्याचे गुरुजी. सासूच्या कानावर घालायला हवं म्हणून मी आत्याबाईंना सांगितलं की तेरवी झाली की मी घरोघर जाऊन दुरुस्त करणार आहे. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "अवं, आताच तर गेले थे. त्यायच्या नावावर तू बोट ठेवून राहिली? जन्मभर एकच तं कमावलं त्यायनं." तुमचा मुलगा कापसाच्या जिनिंगमधून आला, दोघींची तोंडं पाहिली आणि हात धुवायला निघून गेला. तो तुमच्यावर गेला आहे या बाबतीत.

आत्याबाईंचं खोटं नव्हतं. भाऊंचा हात लागला की बघायला नको, हे लोक म्हणायचे, तीच तुमची सगळी मिळकत होती. आणि मी ती कशी मोडू? तुम्ही उत्तर द्यायलाही नाही. दुसरीकडे, मी गप्प बसले आणि रामाकोन्याचा सिलिंडर एखाद्या दिवशी रिकामा निघाला तर?

मग तेरवीचा दिवस. जेवणं झाल्यावर रीतीप्रमाणे तुमचे मोठे भाऊ मांडवात उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "आमच्या भावाकडं कोणाचं काई राहिलं असन, कोणाले बोललं-चाललं असन, तं आज सांगून द्या. त्याले मोकळं करा." असं विचारायचं असतं, आणि कुणी काही बोलायचं नसतं. सगळे माना खाली घालून बसतात, मग मोठे भाऊ परत हात जोडतात आणि पानसुपारी फिरते. या वेळीही सगळ्यांच्या माना खाली गेल्या. त्यांनी हात जोडायला घेतले आणि मी बायकांमधून उठून उभी राहिले.

"मोठे मामाजी, मले सांगाचं आहे."

सगळ्या मांडवाने मान वर केली. म्हटलं, आता उभी राहिलेच आहे. "मामाजीनं आणि मी जिथं जिथं सर्जचा डबा लावला, तिथं एक वायर लांब आहे. ती आमची दोघांची चूक आहे. मामाजीले इंग्रजी कागद वाचता येत नव्हता, मले येत होता. मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी बोलली नाही. म्हणून जास्त चूक माझी आहे. विजांचे दिवस आहेत. मी घरी येऊन सरळ करून देईन. ज्याच्या घरी डबा आहे त्यानं नाव सांगा."

कुणीतरी पुटपुटलं, आजच्या दिवशी हे काय. आत्याबाई उठल्या आणि सरळ आत निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. या घरातलं माझं सगळंच संपलं.

मग मागच्या रांगेतून लीलाबाईंचा आवाज आला. "मंग आमच्याकडं कधी येतं, बाई?"

एवढंच. त्यांच्यानंतर तिगावच्या एकाने हात वर केला, मग सौंसरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने. "भाऊनं लावला तवा ठीकच असन, पण पाहून घे बाप्पा एकडाव." मला पुढचं धड दिसतच नव्हतं, पदराने डोळे पुसू की नावं लिहू, असं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरत होते. आत्याबाई बाहेर आल्या, पायात चपला. म्हणाल्या, "लिही." मी म्हटलं, काय? "नावं. मांडवात आले थे तं सांगून गेले. नाई आले त्यायचं कोण सांगन?" आणि त्या सांगत गेल्या, मामाजी. तुम्ही कधीच वही ठेवली नाहीत, पण घरी येऊन जेवताना सगळं सांगायचात, आणि त्यांनी एकूणएक ध्यानात ठेवलं होतं. अमक्याकडे पांढरा कुत्रा होता तो तुमच्या अंगावर धावला. तमक्याच्या सुनेने शेवयांची खीर दिली आणि तुम्ही घरच्या खिरीला नावं ठेवली, त्यावरून दोन दिवस अबोला. त्या अबोल्यावरून त्यांना घर आठवलं. यादी झाल्यावर म्हणाल्या, "मी येतो तुह्यासंग. बायको संग असली म्हंजे कोणी त्यायले नावं ठेवत नाई." तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी त्या माझ्या स्कूटीवर मागे बसून गावातून गेल्या. बघणारे बघत राहिले.

पहिलं घर रामाकोन्याचं. लीलाबाईंकडे मी डबा उचलून जमिनीच्या पट्टीच्या अगदी शेजारी बसवला, वेटोळी कापली, वायर सरळ केली आणि कोपरापासून हात लावून मोजली. गुरुजी पलंगावरून बघत होते. नळीतून श्वास घेत हळूहळू म्हणाले, "भाऊनं त्या दिवशी झाकण लावलं ना, तवा हात लटलट कापून राहिले होते त्यायचे." मला माहीत नव्हतं. मला फक्त तुमचा राग दिसला होता.

त्यानंतर रोज दोन-तीन घरं. आत्याबाई बॅटरी धरतात, आणि माझा हात हलला की ओरडतात. तिगावला एकाने गुंडाळी कापू दिली नाही. म्हणाला, भाऊंची निशाणी आहे, राहू दे. अर्धा तास वाद घातला. शेवटी मी ती गुंडाळी जशीच्या तशी उचलून दिव्यांच्या वायरीला जोडून दिली, तिथे तिने कुणाचं काही बिघडत नाही, आणि डब्याची वायर हातभर केली. तो खूश, मी खूश. तुम्ही काय म्हणाला असतात ते विचारायचं फार मनात आलं होतं.

आणखी एक सांगते, ऐका. प्रत्येक घरी मी मागे जाऊन मीटर लावून जमीन तपासली. तुमची अर्थिंग एकाही घरी नापास झाली नाही. एकाही नाही, मामाजी. मी नाक मुरडलं त्या बल्बने पास केलेली प्रत्येक जमीन माझ्या मीटरनेही पास केली. प्रत्येक ठिकाणी मी हे घरमालकाला बोलावून, आकडा दाखवून, मोठ्याने सांगितलं. आत्याबाई दर वेळी तोंड फिरवून उभ्या राहतात आणि पदर नाकाला लावतात. नंतर स्कूटीवर विचारतात, "किती आला म्हनला आकडा?" पाठ झालेत त्यांना सगळे.

काल दुपारी आभाळ काळं झालं. आम्ही मोहगावच्या वाटेवरून अर्ध्यातूनच परतलो. घरी पोचलो आणि पूर्वेकडे असा कडकडाट झाला की खिडक्यांची तावदानं वाजली. आत्याबाई देवापुढे बसल्या. मी फोन हातात धरून. लावायची हिंमत होईना. पाऊण तासाने तोच वाजला. लीलाबाई.

"बाई, वीज पडली वं. घरामागच्या निंबावर. निंब उभा चिरला."

मी फोन कानाला लावूनच स्कूटीची किल्ली शोधायला लागले.

"डब्याच्या खिडकीत लाल झालं आहे. थे खराब आहे का?"

खराब नाही, मामाजी. तुम्हाला तर माहीतच आहे. लाल झालं म्हणजे सगळा झटका त्याने स्वतःवर घेतला आणि जमिनीत टाकला. तुमच्या जमिनीत. आज सकाळी जाऊन मी आतला तुकडा बदलून आले, पाच मिनिटांचं काम. पण काल ते सगळं सांगायच्या आधी मी एवढंच विचारू शकले, "काकू, मशीन?"

"चालू आहे ना. गुरुजी झोपले हायेत, ऐक." आणि त्यांनी फोन मशीनजवळ नेला. ती घरघर मी डोळे मिटून ऐकली. मग लीलाबाई परत बोलल्या, आणि घाईत, आनंदात, त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. म्हणाल्या, "सांगजो वं तुह्या सासऱ्याले. उगाच काळजी करत बसतीन थे. मशीन चालू आहे म्हना."

मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. म्हटलं, सांगते काकू.

म्हणून आज बसले लिहायला. मामाजी, मशीन चालू आहे.